नऊ बुड्या

कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात आज रेडिओवाल्याला विचारा, ‘सिग्नल कसा येतोय?’ तो छाती पुढे काढून सांगेल, ‘लई खराब!’ शेजारचा लगेच म्हणेल, ‘आमच्याकडं त्याहून खराब.’ परगावच्या माणसाला वाटतं, ही मंडळी आपली फिरकी घेतायत. फिरकी नाही. सिग्नल जितका खराब, तितकी इथली माणसं पावसाळ्यात निर्धास्त झोपतात.

२०३६च्या ऑगस्टपर्यंत मात्र असं नव्हतं. तोवर हौशी रेडिओवाल्यांच्या जगात या प्रश्नाला एकच सभ्य उत्तर होतं, ‘फाइव्ह नाइन’. पाच म्हणजे शब्द न् शब्द स्पष्ट, नऊ म्हणजे आवाज खणखणीत. समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला, तरी रिपोर्ट फाइव्ह नाइनचाच द्यायचा. पाहुण्याला चहा विचारतात, तसं ते होतं. त्याच्यामागे कुणी खरंखोटं बघत नसे.

सुनीती मगदूम बघायची. बेलघाटच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली ही मुलगी जे ऐकू येईल तेच सांगायची. “चार-सहा.” “पाच-चार, मधे आवाज गेला होता.” रेडिओ क्लबातले लोक तिला चिक्कू म्हणायचे. दादगोंडामामा तर सगळ्यांसमोर म्हणायचे, “आमच्या भाचीला पदरचं दिल्यासारखं वाटतंय बघा.”

हे मामा म्हणजे कृष्णाकाठ हॅम क्लबचे संस्थापक; हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. बेलघाटच्या बऱ्याच वर, नदी दोन उंच काठांमधून वाहते तिथं दरडवाडीला त्यांचं घर. दूधसंघातून निवृत्त झाल्यावर त्यांना दोनच नाद उरले होते, जैन बस्तीतल्या आरतीला पेटी वाजवणं आणि रेडिओ. सुनीती आठवीत असताना त्यांनीच तिला पहिला अँटेना करून दिला होता. सुताराची पोलादी मोजपट्टी कापायची, तिचे तुकडे पीव्हीसी पाइपवर माशाच्या काट्यासारखे बसवायचे, टीव्हीची केबल जोडायची आणि तो काटा हातात धरून आकाशाकडे रोखायचा. उपग्रह क्षितिजावर आला की कानात शिट्टी वाजते. त्या दिवशी सुनीतीनं मोजपट्टीचे तुकडे हातात धरून शेकडो किलोमीटर वरचं काहीतरी ऐकलं होतं, आणि तिच्या आयुष्याची दिशा तिथंच ठरली होती.

आता शाळा-कॉलेजांनी बनवलेले इतके छोटे उपग्रह वर फिरत होते, की दर तासा-दीड तासाला एखादा तरी डोक्यावरून जायचाच. त्यातला ‘टिटवी’ क्लबाचा लाडका. तो स्वतःची बारीक टीटी सतत वाजवायचा आणि खालून पाठवलेला आवाज जसाच्या तसा परत खाली पाठवायचा. हळू पाठवला तर हळू, मोठा पाठवला तर मोठा. दर रविवारी टिटवीच्या दहा मिनिटांत क्लबाच्या गप्पा रंगत.

जूनमध्ये सुनीती दरडवाडीला गेली ती लॅपटॉप घेऊनच.

“मामा, तुमचा आवाज बुडतो.”

पेटीवरचं फडकं काढता काढता मामा थांबले. “कुणाचा?”

“तुमचा. वर्षभराच्या रविवारच्या गप्पा मी साठवून ठेवल्यात. टिटवी नदीच्या अंगाला उतरायला लागली, की तुमचा आवाज खाली जातो, वर येतो, परत खाली जातो. नेहमी बावीसच्या आसपास बुड्या होतात.”

“आता हवेत पण बुडाला व्हय?” मामी आतून म्हणाल्या.

“केबल बघ तुझी,” मामा म्हणाले. “पाणी शिरलं असंल.”

“टिटवीची टीटी पण माझ्याच केबलीतनं येते. ती सरळ येते. तुम्हीच बुडता.” तिनं स्क्रीनवरची नागमोडी रेघ त्यांच्यासमोर धरली. “आणि यात दोष काहीच नाही, ऐका तर खरं. तुमच्या अँटेनातून निघालेली लहर दोन वाटांनी वर जाते. एक सरळ, एक नदीच्या पाण्यावर आपटून. दुसरी वाट थोडी लांबची. दोघी पावलाला पाऊल मिळवून पोचल्या तर आवाज वाढतो, एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकत्र पडला तर आवाज मरतो. उपग्रह सरकतो तसा दोन वाटांतला फरक बदलत जातो, म्हणून आवाज खाली-वर होतो. अँटेना पाण्यापासून जितका उंच, तितक्या बुड्या जास्त. उंची निम्मी झाली, की बुड्या निम्म्या.”

“मग?”

“मग गेल्या वर्षीच्या पुरात तुमच्या बुड्या चौदावर आल्या होत्या, मामा! पाणी वर आलं, उंची कमी झाली. तुमचा आवाज नदी मोजतोय. काठावरच्या सगळ्या हॅमनी खरे रिपोर्ट दिले, तर नदीवर एक पैसा न घालता—”

“म्हणजे मी सगळ्यांना सांगत सुटायचं, माझा सिग्नल खराब हाय म्हणून?”

“आहेच तो खराब.”

“वीस वर्षं या अँटेनावर मी फाइव्ह नाइन घेतोय.”

“मागून घेताय.”

बोलून गेल्यावर तिला कळलं. मामांनी पेटीवर फडकं परत टाकलं. तिनं सरावासाठी मोर्सची की, म्हणजे दाबलं की एकसारखा सूर पाठवणारी कळ, मागितली होती, ती त्यांनी कपाटातून काढून तिच्या हातात ठेवली. “ने,” एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांची विचारपूस केली, बेलघाटचं नाव तेवढं घेतलं नाही.

ऑगस्टमध्ये नदी पात्राबाहेर आली. बेलघाटचे लोक शाळेत जमले. शाळा गावाच्या टेकाडावर, त्यामुळे २०१९च्या पुरातही तिच्या पायऱ्यांना पाणी लागलं नव्हतं. टेकाडावरून मोठ्या रस्त्याला जायला एकच वाट होती, शेतांमधून गेलेला भरावाचा रस्ता. त्यावर एव्हाना घोटाभर पाणी वाहत होतं. सकाळी मोबाइलचा टॉवर बंद पडला. बंद पडण्याआधी आलेला शेवटचा संदेश सगळ्यांच्या फोनवर तसाच होता, ‘पातळी स्थिर’.

“स्थिर हाय म्हणत्यात,” तातोबा मिठारी म्हणाला. त्याच्या चार म्हशी शाळेच्या पडवीत बांधलेल्या होत्या. “कशाला हलायचं? म्हातारी माणसं ट्रॉलीत घालायची, त्या पाण्यातनं न्यायची, एखादी ट्रॉली भरावावरनं सरकली म्हणजे?”

“तो संदेश सकाळचा आहे, तातोबा,” सुनीती म्हणाली.

“मग नदीकडं बघ की. सकाळपास्नं जागची हालली न्हाई.”

ते खोटं नव्हतं. पाणी शेतांतून कोसभर पसरलं होतं. घाटाच्या पायऱ्या, देवळाची जोती, पुलावरचे आकडे, ज्यांच्याकडे बघून गाव पिढ्यान् पिढ्या पाणी ओळखत आलं होतं, ती प्रत्येक खूण बुडाली होती. उरली होती फक्त तांबडी सपाटी. ती हातभर चढली तरी डोळ्याला कळलं नसतं.

सरपंच पद्माक्का चौगुले पदर खोचून व्हरांड्यात उभ्या होत्या. शाळेत बाळंतीण होती, दोन अंथरुणाला खिळलेली माणसं होती, पोरंबाळं होती. निघायचं तर उजेड आहे तोवरच निघायला हवं होतं. भरावावर कंबरभर पाणी चढलं, की मग बोट येईपर्यंत इथंच अडकायचं, आणि बोट कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

“सुनीती,” त्या म्हणाल्या, “पाणी चढणार का उतरणार, एवढं सांग. बाकीचं मी बघतो.”

“इथं बसून नाही सांगता येणार, अक्का. वरच्या अंगाचं पाणी कळायला पाहिजे. ते इथं पोचायला पाच-सहा तास लागतात.”

“वर कोण हाय तुझं?”

“मामा आहेत,” ती म्हणाली.

टिटवी दीड वाजता येणार होती. सुनीती गच्चीवर गेली, पट्ट्यांचा अँटेना एका हातात, गळ्यात बॅटरीवरचा रेडिओ. पद्माक्कांनी स्वतः छत्री धरली, ती रेडिओवर. दोघी चिंब भिजल्या. पावसाचं या लहरींना काही वाटत नाही. वेळेवर क्षितिजातून टीटी वर आली.

“दरडवाडी, दरडवाडी, बेलघाट बोलतंय.”

खरखर. मग आवाज आला, “बेलघाट! फाइव्ह नाइन, फाइव्ह नाइन! सुनी, सगळी बरी हाईत न्हवं?”

दोन महिन्यांनी तिचं नाव घेतलं होतं त्यांनी. पण बोलत बसायला वेळ नव्हता. “बरे आहोत. मामा, पाणी किती आहे तुमच्याकडं?”

“पाणीयोजनेची जॅकवेल सकाळीच बुडाली बघ. खूण म्हणून राहिली न्हाई. पावसाचा नुसता धूर झालाय. पाणी दिसतंय खाली.”

“किती खाली?”

“वरनं काय कळतंय? खाली हाय.”

‘खाली हाय’ म्हणताना त्यांचा आवाज बुडाला. सावकाश बुडाला आणि सावकाश वर आला. टिटवीची टीटी मात्र सरळ चालू होती. सुनीतीचे कान टवकारले. इतकी संथ बुडी तिनं मामांच्या आवाजात कधी ऐकली नव्हती.

“मामा, मला बुड्या मोजायच्यात. टिटवी आता तुमच्या नदीच्या अंगाला उतरेल. मोर्सची की दाबून धरा, सोडू नका.”

“की तुझ्याकडं हाय.”

होतीच. तिच्या घरच्या टेबलावर, कदाचित आता पाण्याखाली. बोलण्यावरून बुड्या मोजता येत नव्हत्या, कारण माणूस बोलताना थांबतो, श्वास घेतो, जोर कमी-जास्त करतो. एकसारखा, न तुटणारा आवाज हवा होता. टिटवी डोक्यावर येऊन पोचली होती.

“मामा, पेटी!”

“काय?”

“पेटी काढा. माइकपुढं एक पट्टी दाबून धरा. मी सांगेपर्यंत.”

हवेवर गाणं-बजावणं चालत नाही, हा नियम जगभरच्या हॅमचा. तो क्लबात सर्वांत कडकपणे पाळायला लावणारे मामाच. एका पोरानं वाढदिवसाचं गाणं लावलं म्हणून त्याला त्यांनी महिनाभर बोलू दिलं नव्हतं.

“एक सूर म्हणजे गाणं नव्हे, मामा. आणि इथं शाळेत बाळंतीण आहे.”

खरखर. काहीतरी सरकवल्याचा आवाज. मामींचं काहीतरी बोलणं. मग मामा, अगदी कामाच्या आवाजात म्हणाले, “काळी एक चालंल?”

“चालेल!”

सूर आला. पावसातून, ढगांच्या वरून फिरून, मोजपट्टीच्या तुकड्यांतून तो सुनीतीच्या कानात उतरला. चाळीस वर्षं आरतीला भाता मारलेला हात होता तो. एवढीशी सुद्धा थरथर नव्हती त्यात. भाता वर-खाली होतोय हे कळतसुद्धा नव्हतं. म्हणून जे काही खाली-वर होत होतं, ते नदीचं होतं.

सूर बुडाला. वर आला. “एक,” सुनीती पुटपुटली. पद्माक्का बोटं दुमडून मोजू लागल्या. पुढची बुडी यायला किती वेळ लागत होता! जूनमधल्या रेघेवर बुड्या एकमेकींना खेटून उभ्या असायच्या. आता दोन बुड्यांमध्ये माणसानं आवंढा गिळावा एवढी जागा होती. अँटेना टिटवीमागे खाली खाली वळवत सुनीती ऐकत राहिली, आणि प्रत्येक वेळी सूर बुडायला उशीर होत होता. बुड लवकर, ती मनात म्हणत होती. बुडत राहा.

सूर पातळ होत होत खरखरीला टेकला.

“मामा, बस! नऊ. नऊच बुड्या.”

मामांना जूनमधलं सगळं आठवत होतं. गेल्या वर्षीच्या पुरात चौदा होत्या. म्हणजे तेव्हा पाणी अँटेनाच्या बारा मीटर खाली होतं. नऊ म्हणजे आठ मीटरच्याही आत. दरडवाडीच्या घळईत गेल्या वर्षीपेक्षा चार मीटर उंच पाणी उभं होतं, आणि ते खाली यायला निघालं होतं.

“मग निघा की!” विरत चाललेल्या आवाजात मामा ओरडले. “बघत काय बसलायसा? आणि सुनी... फाइव्ह नाइन न्हवतं गं.”

टिटवी मावळली.

खाली व्हरांड्यात तातोबा हसला. “पेटीवरनं पूर कळला व्हय? मग पोपटवाल्याला तरी बोलवायचं हुतं.”

पद्माक्कांनी त्याच्याकडे बघितलं नाही. “चुकलीस तर?” त्यांनी सुनीतीला विचारलं.

“चुकलो, तर परत यायला भराव जागेवर असेल. माझं खरं निघालं आणि आपण इथंच थांबलेलो असलो, तर नसेल.”

अक्कांनी ओला पदर पिळला. “ट्रॉल्या भरा,” त्या म्हणाल्या. “बाळंतीण पयली. तातोबा, तुझ्या म्हशी म्होरं घाल. जनावराला रस्ता माणसापेक्षा बरा कळतोय.”

तातोबानं म्हशी पुढे घातल्या. बडबडत घातल्या, पण घातल्या. भरावावरचं पाणी पहिल्या ट्रॉलीच्या वेळी घोट्यापर्यंत होतं आणि शेवटच्या ट्रॉलीच्या वेळी गुडघ्याच्या वर. शेवटच्या ट्रॉलीत सुनीती होती, मांडीवर अँटेना घेऊन. अंधार पडायच्या आत सगळे मोठ्या रस्त्यावरच्या कारखान्याच्या गोडाऊनला पोचले. सकाळी तिथून बघितलं, तर भरावाच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींचे शेंडे तेवढे पाण्यावर दिसत होते, आणि लांब टेकाडावर शाळेच्या खिडक्या अर्ध्या बुडाल्या होत्या.

तातोबा बराच वेळ तिकडे बघत उभा राहिला. मग सुनीतीजवळ येऊन खाकरला. “त्या मामांची पेटी,” तो म्हणाला, “कुठल्या कंपनीची म्हणालीस?”

मामा मात्र गप्प झाले होते.

त्या संध्याकाळच्या टिटवीला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुनीती गोडाऊनच्या छपरावर चढून हाका मारत होती आणि रिकाम्या खरखरीत फक्त टीटी येत होती. पाणी जवळ आलंय हे मामांच्याच सुरानं तिला सांगितलं होतं. ते त्यांच्याही घराच्या जवळ आलं होतं, हे सांगायला निराळ्या गणिताची गरज नव्हती. आपण आपल्या माणसांना काढलं आणि मामांना सूर धरायला बसवलं, हा विचार तिला जेवू देत नव्हता. आता तातोबाच प्रत्येक खेपेला छत्री घेऊन वर यायचा. “येतील गं,” म्हणायचा. “भाता मारणारा माणूस दमाचा असतोय.”

पाचव्या दिवशी ऊन पडलं. सकाळची टिटवी आली, डोक्यावरून गेली, नदीच्या अंगाला उतरू लागली. सुनीती अँटेना खाली घेणार, एवढ्यात खरखरीतून तो वर आला. ना हाक, ना नाव. काळी एक.

तिनं तोंडावर हात दाबला आणि दुसऱ्या हातानं अँटेना घट्ट धरला. सूर बुडत होता, वर येत होता, लगेच परत बुडत होता. भराभर, एकामागून एक. तातोबा बोटांवर मोजता मोजता हातांची बोटं संपून परत पहिल्यावर आला. शेवटी सूर थांबला.

“बेलघाट, दरडवाडी बोलतंय,” मामा म्हणाले. “काठाचा तुकडा गेला बघ, त्याच्याबरोबर खांब गेला, अँटेना गेला. घर हाय. आम्ही वरच्या आळीत ऱ्हायलोय. नवीन मोजपट्टी कापली. उंची पयलीच ठेवलीय, मोजून. आता रिपोर्ट दे. आणि खरा दे.”

सुनीतीनं डोळे पुसले. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणालातरी फाइव्ह नाइन द्यावंसं वाटत होतं. पण मामांनी खरा मागितला होता.

“पाच-तीन, मामा,” ती म्हणाली. “एकोणीस बुड्या.”

उत्तर द्यायला दाबलेलं बटण सोडायचं विसरून मामा मामींना ओरडून सांगत असलेले ऐकू आले. आवाज बुडत होता, वर येत होता, पण त्यातला ताठा जागच्या जागी होता.

“ऐकलंस काय गं? एकोणीस! किती खराब येतोय बघ आपला सिग्नल!”